कालव कुठल्या पाण्याचं?

कच्चं कालव गिळायचं नसतं, चावायचं असतं. आमच्या घराजवळच्या हॉटेलात कालवं फोडणाऱ्या माणसाने मला हे सांगितलं आणि तेव्हापासून मी ते ज्याला त्याला सांगत आले आहे. शिंप ओठाला लावून मान मागे टाकायची आणि डोळे मिटून गटकन गिळायचं, ही सिनेमातली रीत. तशाने खारट पाण्याखेरीज हाती काही लागत नाही. तीन-चारदा नीट चावलं की आधी मीठ येतं, त्याच्यामागून गोडवा येतो, आणि शेवटी जिभेवर जे रेंगाळतं ते त्या त्या खाडीचं असतं. एखाद्यात काकडीचा हिरवा वास, एखाद्यात लोखंडाची झाक, एखाद्यात नुसतं समुद्रगवत.

मी क्विन्सीत राहते. बॉस्टनच्या दक्षिणेला, मेट्रोच्या रेड लाइनवरचं हे गाव. वोलॅस्टनचा किनारा घरापासून चालत जाण्याजोगा. हॉटेल अगदी साधं आहे. दाराशी ओले बूट, भिंतीवर कसलीही सजावट नाही, डझनभर टेबलं आणि एका बाजूला लांब काउंटर. त्या काउंटरला बर्फाचा हौद आहे आणि बर्फात कालवं नाव-गावाप्रमाणे वेगवेगळी रचून ठेवलेली असतात. वरच्या फळ्यावर खडूने त्यांची गावं लिहिलेली. मॅसॅच्युसेट्सचं डक्सबरी आणि वेलफ्लीट बहुतेक रोज असतात. कधी मेन राज्यातल्या डॅमरिस्कॉटा नदीची, कधी कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरची माल्पेक. कामावरून लवकर सुटले की मी इथे येते, कारण दुपारी चार ते सहा कालवं निम्म्या भावात असतात. मॅसॅच्युसेट्समध्ये ठरावीक वेळेपुरती दारू स्वस्त विकायला 1984 पासून बंदी आहे, त्यामुळे संध्याकाळचं गिऱ्हाईक ओढायला इथली हॉटेलं खाण्यावर सूट देतात, आणि ती सूट बहुधा कालवांवर असते. त्या कायद्याचा माझ्याइतका फायदा थोड्यांनाच झाला असेल.

बसायचं ते काउंटरलाच. टेबलावर मागवलं की ताट समोर येतं आणि फोडणं पाहायचं राहून जातं.

फोडणारा केप कॉडकडचा, साठीकडे झुकलेला. डाव्या हातात जाड मोजा, उजव्या हातात आखूड, बोथट पात्याची सुरी. धार लागत नाही, लागतो तो जोर कुठे लावायचा याचा अंदाज. कालव तो खोलगट शिंप खाली आणि सपाट शिंप वर असं धरतो. निमुळत्या टोकाला बिजागरी असते, तिथे सुरीचं टोक टेकवून तो ते हळूहळू आत रुजवतो. घाई करत नाही. टोक बसलं की किल्ली फिरवावी तसं मनगट फिरवतो आणि बारीकसा 'टक' असा आवाज येतो. मग पातं वरच्या शिंपेला आतून चिकटवून सरकवतो, कारण दोन्ही शिंपा घट्ट मिटून धरणारा स्नायू तिथे असतो. तो कापला की झाकण सुटतं. झाकण टाकून द्यायच्या आधी तो ते नाकाशी नेतो. दर वेळी. कितीही गर्दी असो. मग सुरी खालून फिरवून मांस मोकळं करतो, एखादी कपची पडली असेल तर टोकाने उचलतो, आणि शिंपेतलं पाणी सांडू न देता बर्फावर ठेवतो. त्या पाण्याला तो फार जपतो. ते नळाचंही नसतं आणि बर्फाचंही नसतं, कालवाने मिटताना आपल्या खाडीतलं जे धरून ठेवलं तेच हे पाणी.

कधीकधी झाकण नाकाशी नेल्यावर तो मान हलवतो आणि ते कालव सरळ कचऱ्यात टाकतो. ज्याची शिंप आधीच उघडी आहे आणि ठोकली तरी मिटत नाही ते तर तो फोडतच नाही. ते मेलेलं असतं. म्हणजे ताटात जे येतं ते जिवंत असतं, हे मी लपवत नाही. बरोबर कुणी नवखं असलं तर आधी सांगते. ज्याला ते नको त्याने तळलेली घ्यावीत, तीही चांगली असतात. पण जिवंत असणं हीच कच्च्या कालवाची ताजेपणाची हमी आहे. मासा ताजा की शिळा हे डोळ्यांवरून, कल्ल्यांवरून ओळखता येतं. कालवाच्या बाबतीत ते जिवंत आहे की नाही एवढाच प्रश्न असतो.

ताटाबरोबर लिंबू येतं, किसलेलं हॉर्सरॅडिश येतं, आणि मिन्योनेट म्हणजे बारीक चिरलेला शॅलट कांदा, लाल वाइनचं व्हिनेगर आणि भरड मिरी. टोमॅटोचं लालभडक सॉसही मागाल तर मिळतं. माझं मत असं की अर्धा डझनातली पहिली दोन काहीही न घालता खावीत. मग वाटलं तर लिंबाचे दोन थेंब. लाल सॉस घातल्यावर डक्सबरी काय आणि माल्पेक काय, सगळं एकच.

आणि इथेच खरी नवलाई आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, वर कॅनडापासून खाली मेक्सिकोच्या आखातापर्यंत, मूळचं कालव एकाच जातीचं: क्रॅसॉस्ट्रिआ व्हर्जिनिका. फळ्यावरची सगळी नावं गावांची आहेत, जातींची नाहीत. जात तीच, फरक पाण्याचा. डक्सबरीच्या उपसागरात भरती-ओहोटीचा फरक नऊ-दहा फुटांचा. ओहोटीला मैलोन्‌मैल चिखलपट्टा उघडा पडतो आणि भरतीला केप कॉड बेचं थंड, खारं पाणी पुन्हा भरतं, दिवसातून दोनदा. म्हणून तिथलं कालव आधी खारट आणि मागून लोण्यासारखं मऊ गोड. डॅमरिस्कॉटाचं पाणी त्याहून थंड, तिथे वाढ सावकाश, शिंप जड आणि मांस घट्ट. एकाच ताटात ही दोन शेजारी ठेवून खाल्ली की भूगोल जिभेला कळतो.

डक्सबरीत मी उन्हाळ्यात एकदा होडीतून जाऊन आले. तिथली कालवशेती फार जुनी नाही, 1990 च्या दशकात स्किप बेनेटसारख्या लोकांनी ती रुजवली. कालवाचं बी हातावर घेतलं तर भरड मिरीएवढं असतं. ते आधी वाहत्या पाण्याच्या टाक्यांत वाढवतात, मग जाळीच्या पिशव्यांत, मग उपसागराच्या तळावर पसरतात. तीन इंच व्हायला दीड ते तीन वर्षं लागतात. एवढ्या काळात त्याला खायला कुणी काही घालत नाही. पाण्यातलं शेवाळ गाळून ते जगतं. पूर्ण वाढलेलं कालव दिवसाला 50 गॅलन, म्हणजे जवळजवळ 190 लिटर पाणी गाळू शकतं. कालवाची चव म्हणजे पाण्याची चव ती याच्यामुळे. आणि कालवाचा धोका म्हणजे पाण्याचा धोका, तोही याच्याचमुळे.

धोक्याबद्दल मी मुद्दाम लिहिते आहे, कारण कच्चं कालव खाण्याचा आनंद ज्यांच्या जिवावर आपण निर्धास्त घेतो ती माणसं आणि ते नियम ताटात दिसत नाहीत. 1924-25 च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क, शिकागो, वॉशिंग्टन या शहरांत विषमज्वराची साथ आली. मैलापाण्यात ठेवलेल्या कालवांतून ती पसरली होती. सुमारे दीड हजार माणसं आजारी पडली, दीडशे दगावली. त्यानंतर 1925 मध्ये देशभर एक व्यवस्था उभी राहिली, ती आजतागायत चालू आहे: कुठल्या पाण्यातून कालवं काढता येतील हे सरकार पाणी तपासून ठरवतं, आणि प्रत्येक गोणीला एक चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर काढणाऱ्याचा परवाना, जागा आणि तारीख. गोणी संपली तरी हॉटेलाने ती चिठ्ठी 90 दिवस जपून ठेवायची. कुणी आजारी पडलं तर माग थेट त्या खाडीपर्यंत काढता येतो.

मी एकदा विचारलं, "आजचं वेलफ्लीट कधीचं?" तर फोडणाऱ्याने मोजा काढला, मागच्या खिळ्याला लावलेल्या गठ्ठ्यातली वरची चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. "परवा सकाळी काढलंय. वाच." ओलसर, मीठ बसलेला पुठ्ठ्याचा तुकडा. तेव्हापासून मी विचारते आणि तो दाखवतो. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. जिथे हा प्रश्न विचारल्यावर वेटरच्या कपाळाला आठ्या पडतात, तिथे मी कच्चं खात नाही.

उन्हाळ्यात पाणी तापलं की व्हिब्रिओ नावाचे जंतू वाढतात. ते मैल्यातून येत नाहीत, समुद्रातच असतात. 2013 च्या उन्हाळ्याअखेर डक्सबरीच्या पट्ट्यातली कालवं त्यांच्यामुळे काही काळ बाजारातून बंद ठेवावी लागली होती. त्यानंतर इथे नियम कडक झाले: गरम महिन्यांत कालव काढल्यापासून दोन तासांच्या आत ते नीट बर्फात गेलं पाहिजे. इंग्रजी नावात 'आर' नसलेले महिने, म्हणजे मे ते ऑगस्ट, कालवं टाळायची ही जुनी चाल अगदीच निराधार नव्हती. शिवाय उन्हाळ्यात कालव अंडी घालतं, तेव्हा ते आधी दुधट आणि मग पाणचट होतं. आता अंडी न घालणारं वाण प्रयोगशाळेत तयार झालं आहे, त्यामुळे बारा महिने भरलेली कालवं मिळतात. तरी माझ्या मते खरा मोसम ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर. पाणी थंड व्हायला लागलं की कालव हिवाळ्याच्या झोपेसाठी आत साखर साठवतं, आणि ती गोडी पहिल्याच चावण्याला कळते.

याच मोसमात आई आमच्याकडे आली होती.

आई मालवण तालुक्यातल्या खाडीकाठची. लहानपणी सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी आजीबरोबर खडपावर जाऊन कालवं फोडलेली. तिच्या उजव्या तळव्यावर त्याची पांढरी खूण अजून आहे, कालवाच्या शिंपेची धार ज्याने हाताळली त्यालाच माहीत. तिला मी काउंटरला बसवलं. थंडीचा कोट अंगात तसाच, पर्स मांडीवर. ती ताटाकडे बघेना, त्या माणसाच्या हाताकडे बघत होती.

"सुरी बरी चालवता ह्यो," ती म्हणाली. मग बर्फातल्या एका कालवावर बोट ठेवून, "पण ही खडपावरची नाय गो. एकेक सुटी वाढवलेली आसत. आमची कालवां एकमेकांक चिकटान आसतत."

मी ते त्याला इंग्रजीत सांगितलं. त्याचे हात थांबले. बरोबर, म्हणाला, हे बी शिंपेच्या एका बारीक कणावर एकेकटं धरवतात म्हणून असं सुटं आणि गोल वाढतं. जंगली कालव घोसाने वाढतं. तो कोपऱ्यातून एक जंगली घोस घेऊन आला, तीन-चार वेड्यावाकड्या शिंपा एकमेकींना जखडलेल्या. आईने तो हातात घेतला, उलटा केला, आणि ज्या जागी सुरी लावावी लागेल ती जागा नखाने दाखवली. त्या दोघांना माझी गरज उरली नाही.

आईला मधुमेह आहे. मधुमेह, यकृताचा आजार, प्रतिकारशक्ती कमी असणं यांपैकी काहीही असेल तर व्हिब्रिओ जिवावर बेतू शकतो, तेव्हा तिला कच्चं द्यायचं नाही हे मी घरूनच ठरवून निघाले होते. तिच्यासाठी भट्टीत भाजलेली मागवली, चीज न घालता, नुसतं लसूण आणि थोडं लोणी. तिने एक खाल्लं, शिंप उचलून तळाचं पाणीही प्यायलं. "मीठ दर्याचाच ना? वरसून घातलेला नाय?" नाही म्हटल्यावर समाधानाने दुसरं उचललं. एकूण निकाल मात्र तिने दिला तो असा: आकार ह्यांचा, चव आपली. तिच्या मते खडपी कालव लहान असतं म्हणूनच त्याची चव एकवटलेली असते, आणि कांदा, ओलं खोबरं, मालवणी मसाला आणि दोन आमसुलं घालून केलेल्या सुक्यापुढे लोणी-लसूण टिकत नाही. शिजवलेल्या कालवांपुरतं मलाही ते मान्य आहे.

"तू कच्ची खाल्लीस कधी?" मी विचारलं.

"खडपार बसान खाल्ली तर. आजी फोडून देय." मग थोडं थांबून, "आता थयची कच्ची खाव नये गो. वरती हॉटेलां झाली, लोकांची घरां झाली. पाणी पयल्यासारखा रवला नाय."

हे ती वोलॅस्टनपासून थोड्याच अंतरावर बसून म्हणत होती, म्हणून मला इथली गोष्ट तिला सांगावीशी वाटली. परतताना किनाऱ्यावरून चालत आलो तेव्हा सांगितली. 1982 मध्ये क्विन्सी शहराचे वकील विल्यम गोल्डन याच वाळूत धावायला आले होते आणि त्यांचा पाय माणसाच्या मैल्यावर पडला. बॉस्टन आणि आसपासच्या गावांचं सांडपाणी तेव्हा जेमतेम प्रक्रिया होऊन, पुष्कळदा तसंच, प्रक्रिया न होता, बंदरात जात होतं. गोल्डन यांच्या सांगण्यावरून क्विन्सीने त्याच वर्षी दावा लावला. खटला लांबला, दुसरे खटले आले, पण पाणी आणि मैलापाण्यासाठी नवीन प्राधिकरण झालं, डिअर आयलंडवर प्रचंड शुद्धीकरण केंद्र उभं राहिलं, आणि 2000 मध्ये शुद्ध केलेलं पाणी साडेनऊ मैल आत, खोल समुद्रात सोडणारा बोगदा सुरू झाला. जवळजवळ चार अब्ज डॉलर लागले आणि ते बहुतांश लोकांच्या पाणीपट्टीतूनच वसूल झाले. आज त्याच किनाऱ्यावर उन्हाळ्यात मुलं पाण्यात असतात.

तिकडे न्यूयॉर्कची हकीगत आहे. एके काळी त्या शहरात कालवं गरिबाचं खाणं होतं, हातगाडीवर मिळायची. पाणी इतकं नासलं की 1927 पर्यंत शहराच्या हद्दीतली शेवटची कालवक्षेत्रं बंद करावी लागली. आता तिथे शाळकरी मुलं आणि स्वयंसेवक बंदरात पुन्हा कालवं सोडत आहेत, पण खाण्यासाठी नाही, पाणी गाळून घेण्यासाठी. शंभर वर्षांनंतरही त्या बंदरातलं कालव कुणी तोंडात घालू शकत नाही. नासायला जितका वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट निस्तरायला लागतो, हे आईला पटवून द्यायची गरज नव्हती. तिने विचारलं ते एवढंच की दावा लावायला त्या वकिलाला पैसे कोणी दिले. शहराने, मी म्हणाले. "मग बरा," ती म्हणाली.

आमच्या मालवणकडच्या खाडीला असा दावा लावणारं कुणी नाही, अजून तरी. बाजारात बायका कालवांचं सोललेलं मांस घेऊन बसतात, त्या वाट्याबरोबर कुठल्या खाडीचं, कधी काढलेलं याची चिठ्ठी नसते. असते ती त्या बाईची ओळख, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेवढी पुरली. शिजवून खाणाऱ्याला ती आजही पुरेल. सिंधुदुर्गात बचतगटांच्या बायकांनी खाडीत दोऱ्यांवर आणि तराफ्यांवर कालवं वाढवून पाहिली आहेत, म्हणजे हौस आहे, हात आहेत, जात तर आपल्या खडपांवर आहेच. कमी आहे ती तपासलेल्या पाण्याची. मला एकदा तरी आईच्या खडपावरचं कालव कच्चं खायचं आहे, आमसुलाचं पाणी दोन थेंब घालून, आणि ते निर्धास्त खायचं आहे.

तेव्हा परदेशात कधी कच्चं कालव समोर आलं तर चावून खा, आणि कुठलं, कधीचं, हे विचारल्याशिवाय खाऊ नका. कोकणात खाल तेव्हा शिजवलेलंच खा, पण विकणारीला खाडीचं नाव जरूर विचारा, तिला ते सांगताना अभिमान वाटतो. आणि तुमचं गाव खाडीकाठचं असेल, ग्रामसभेत नव्या हॉटेलाच्या सांडपाण्याचा विषय निघाला, तर उठून उभे राहा आणि कालवांचं नाव घ्या. ते नोंदवहीत लिहून घ्यायला लावा.